खाटेचा पैसा

१९४८ साली ब्रिटनमध्ये निवृत्तिवेतन आठवड्याला २६ शिलिंग होते. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय साहाय्य कायद्यान्वये सार्वजनिक निवासात राहणाऱ्याने त्यातले निदान २१ शिलिंग निवासापोटी भरावेत आणि ५ शिलिंग हातखर्चाला ठेवावेत, अशी व्यवस्था झाली. मंत्री अन्यूरिन बेव्हन यांनी संसदेत ही कल्पना मांडताना दृष्टान्त दिला होता तो हॉटेलचा. सुखवस्तू लोक निवासी हॉटेलात पैसे मोजून राहतात, तसेच सामान्य वृद्धांनाही राहता यावे. ‘पुअर लॉ’खालच्या वर्कहाउसची अपकीर्ती ज्यांनी पाहिली होती त्यांना या दृष्टान्ताचे मोल निराळे सांगायला नको. पैसे मोजणारा मिंधा नसतो.

परंतु हॉटेलातल्या पाहुण्याला आणखी एक मुभा असते: जेवण रुचले नाही तर बिल चुकते करून तो दुसरीकडे जातो. ज्याला उठवायला, आंघोळ घालायला, भरवायला दुसऱ्याचे हात लागतात अशा माणसाला ही मुभा कायद्याने दिली नाही. त्याच्या निवासाचा मोठा खर्च स्थानिक प्रशासन उचलत असे आणि तो थेट संस्थेला पोचत असे. अपंगांसाठी सेवा उभारा, मात्र त्यांच्या हाती रोख रक्कम देऊ नका, असेही त्याच कायद्याचे एक कलम होते. पैसा खाटेचा होता. माणूस खाटेवरून उतरला की तो पैसाही त्याचा राहत नसे. पुढच्या अर्धशतकाचा सगळा झगडा, आमच्या मते, या एका कलमाभोवती फिरतो.

त्याच वर्षी, १९४८ मध्ये, हॅम्पशरमधील ‘ले कोर्ट’ नावाच्या जुन्या वाड्यात लेनर्ड चेशायर यांनी एका मरणासन्न रुग्णाला आसरा दिला. चेशायर हे युद्धातले नामांकित वैमानिक. नागासाकीवरील अणुस्फोट त्यांनी विमानातून पाहिला होता. या एका आसऱ्यातून जगभर चेशायर निवास उभे राहिले, आणि मुंबईत अंधेरीलाही १९५० च्या दशकाच्या मध्यास एक निघाला. दानाने सुरू झालेल्या ले कोर्टचा चरितार्थ पुढे बव्हंशी सरकारी शुल्कावर चालू लागला. याबद्दल चेशायर यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्या काळी दुसरा पर्याय बहुधा वृद्धांच्या किंवा जुनाट रोग्यांच्या वॉर्डाचा होता, आणि त्या मानाने ले कोर्ट चांगलेच होते.

पॉल हंट १९५६ साली तिथे राहायला आले. स्नायूंचा क्षय होत जाणारा विकार असलेला हा तरुण वाचणारा, लिहिणारा आणि भांडणारा होता. केव्हा झोपायचे यासारख्या गोष्टींवरून रहिवाशांचे व्यवस्थापनाशी खटके उडत. आपली बाजू एखाद्या त्रयस्थाने शास्त्रशुद्ध मांडावी म्हणून रहिवाशांनीच लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतील संशोधकांना पाचारण केले. एरिक मिलर आणि जेराल्डिन ग्विन यांचा ‘ए लाइफ अपार्ट’ हा ग्रंथ १९७२ मध्ये निघाला. त्यांचा निष्कर्ष असा की, अशा निवासात येणारा माणूस समाजाच्या लेखी मेलेलाच असतो. सामाजिक मृत्यूपासून शारीरिक मृत्यूपर्यंतचा त्याचा प्रवास सुकर करणे हे संस्थेचे काम. ज्यांनी साक्षीला बोलावले त्यांनाच असे मृत ठरवणारा हा ग्रंथ वाचून हंट संतापले नसते तरच नवल. संशोधकांनी दुःख अचूक पाहिले, पण ते दुःख संस्थेने निर्माण केले की शरीराने, हा प्रश्न मात्र टाळला.

हंट तोवर बाहेर पडले होते. १९७० मध्ये विवाहानंतर ते लंडनला राहू लागले. २० सप्टेंबर १९७२ रोजी ‘गार्डियन’मध्ये त्यांचे पत्र आले. निवासात असलेल्यांनी आणि जाण्याची पाळी येऊ शकेल अशांनी एकत्र यावे, असे त्याचे आवाहन. त्यातून वेगळे ठेवण्याविरुद्ध लढणारी अपंगांची स्वतःची संघटना निघाली. १९७६ मध्ये सटन-इन-ॲशफील्ड येथे केन आणि मॅगी डेव्हिस यांनी एका गृहसंस्थेच्या साहाय्याने सहा सदनिकांची इमारत उभी करून दाखवली. तळमजल्यावर अपंग, वर मदत करणारी कुटुंबे. म्हणजे घरे बांधता येत होती. अडत होते ते मदतनिसाच्या पगारापाशी.

हंट १९७९ मध्ये वारले. त्याच वर्षी ले कोर्टमधल्या काही रहिवाशांनी, जॉन इव्हान्स त्यांतलेच, ‘प्रोजेक्ट ८१’ आरंभले. त्यांची मागणी साधी होती: आमच्या खाटेसाठी जी रक्कम दरसाल देता तीच आम्हाला द्या, आम्ही घर घेऊ आणि माणसे नेमू. अधिकाऱ्यांनी कलमावर बोट ठेवले. मग जी तोड निघाली तिला आम्ही तरी विनोदाची दाद देऊ: पैसे नेहमीसारखे संस्थेला द्यायचे, आणि संस्थेने ते बाहेर गेलेल्या माणसाकडे पोचते करायचे. ज्या भिंतीतून सुटायचे तिलाच पन्हाळ बसवली! १९८३ च्या सुमारास इव्हान्स बाहेर राहू लागले.

थेट रकमेचा कायदा १९९६ साली झाला आणि १९९७ च्या एप्रिलपासून अमलात आला. स्थानिक प्रशासनांना आता रोख देण्याची मुभा मिळाली, तीही आरंभी पासष्टीच्या आतल्यांनाच. १९८८ पासून चालत आलेला स्वतंत्र जीवन निधी मात्र ३० जून २०१५ रोजी बंद झाला. त्याचा इंग्लंडमधला पैसा स्थानिक प्रशासनांकडे गेला आणि तो अपंगांवरच खर्च केला पाहिजे असे बंधनही त्यावर राहिले नाही.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या पाचव्या कलमात समाजात राहण्याचा हक्क आहे, आणि ठरावीक निवासव्यवस्थेतच राहण्याची सक्ती होऊ नये यासाठी शासनाने प्रयत्नशील राहावे असेही म्हटले आहे. महाराष्ट्रात अनुदानित निवासी विशेष शाळांना आणि कर्मशाळांना मिळणारे परिपोषण अनुदान मात्र दरडोई मोजले जाते, आणि ते जमा होते संस्थेच्या खात्यात.