पैशाविना हिशोब

आषाढात बांध्यांमध्ये पाणी साचलं की भंडारा जिल्ह्यात प्रत्येकाला एकाच वेळी माणसं हवी असतात. रोवणा थांबत नाही. पऱ्हे जुने झाले की पीक कमी येतं, त्यामुळे लाखांदूरपासून तुमसरपर्यंत जो तो रोवणाऱ्या बायांची टोळी शोधत फिरतो. मजुरी रोख द्यायची असते. आणि नेमकी याच दिवसांत शेतकऱ्याच्या घरात रोकड सगळ्यात कमी असते, कारण पैसा येणार तो धान विकल्यावर, म्हणजे दिवाळीच्या पुढे-मागे.

काम आहे, काम करणारे हात आहेत, फक्त मधला पैसा नाही. मग कामं अडावीत का?

मी साकोली तालुक्यातला. नागपुरात इंजिनिअरिंग केलं, आता पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. गावाकडचे काही मित्र आणि मी मिळून सध्या एक वेबसाइट बांधतोय. कल्पना सोपी आहे. तुम्ही माझ्या बांधीत चार तास रोवणा केलात, तर तुमच्या खात्यात अधिक चार, माझ्या खात्यात वजा चार. ते वजा चार तास मी तुमच्याकडेच फेडले पाहिजेत असं नाही. मी तिसऱ्याच्या मुलीला गणित शिकवेन, तो चौथ्याची मोटर दुरुस्त करेल, चौथा तुमच्या घराची कौलं चाळून देईल. पैसा कुठेच नाही. सगळ्या खात्यांची बेरीज कायम शून्य.

कोड लिहायला हे फार अवघड नाही. अवघड गेलं ते वेगळंच. प्रत्येक लहानसा निर्णय घेताना लक्षात येत गेलं, की हे प्रश्न आपल्या गावांनी आधी सोडवलेले आहेत, आणि काही फार वाईट पद्धतीने सोडवलेले आहेत.

चांगली बाजू आधी सांगतो. सावड हा शब्द तुमच्या आजीला माहीत असेल. आज आम्ही तुमच्या शेतात, उद्या तुम्ही आमच्या. इर्जिक त्याच्याच जवळची. बैलजोड्या घेऊन सगळ्यांनी एकाच्या शेतात उतरायचं आणि ज्याचं शेत त्याने जेवण घालायचं. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात आदिवासी शेतकरी मिळून भातखाचरं तयार करतात, त्याला पडकई म्हणतात. यात वही नसते. हिशोब सगळ्यांच्या डोक्यात असतो, आणि दहा-पंधरा घरं असतात तोवर तो डोक्यात राहतोही. घरं दोनशे झाली, त्यातली निम्मी एकमेकांना नीट ओळखत नसली, की वही लागते. आमची वेबसाइट म्हणजे ती वही.

आता दुसरी बाजू. महाराष्ट्रात बिनपैशाच्या देवाणघेवाणीची सगळ्यात मोठी व्यवस्था सावड नव्हती, बलुतेदारी होती. त्रिं. ना. आत्र्यांचं ‘गावगाडा’ १९१५ साली आलं, त्यात ती तपशिलात सापडते. सुतार, लोहार, चांभार, महार, न्हावी, परीट, कुंभार यांनी वर्षभर गावाचं काम करायचं आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्याचा वाटा घ्यायचा. तो वाटा म्हणजे बलुतं. सगळ्यांचा वाटा सारखा नव्हता. बलुतेदारांच्या थोरली, मधली आणि धाकटी अशा तीन ओळी होत्या. आमच्याकडे, जुन्या मध्य प्रांतात, मालगुजारीची गावं होती. तिथे लोहार-सुताराला नांगरामागे ठरलेलं धान मिळायचं. नांगराचा फाळ मोडला म्हणून कुणी लगेच पैसे मोजत नसे.

कागदावर पाहिलं तर हे आमच्या वेबसाइटसारखंच दिसतं. काम आधी, परतफेड नंतर, पैसा मध्ये नाही.

गावात पहिल्यांदा ही कल्पना समजावली, तेव्हा मागे बसलेले एक न्हावी समाजातले आजोबा एवढंच म्हणाले, “मंग पुन्हा धानावरच आणता का आमाले?”

लोक हसले. मी हसलो नाही, कारण माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांच्या वडिलांनी अख्ख्या गावाची दाढी-कटिंग वर्षाच्या धानावर केली होती. दर त्यांनी ठरवलेला नव्हता. गिऱ्हाईक त्यांनी निवडलेलं नव्हतं. कुणाला नाही म्हणायची सोय नव्हती. पुढे याच आजोबांनी बाजाराच्या गावात खुर्ची टाकली, आरसा लावला, दराची पाटी लावली. पैसे घेऊन केस कापणं हा त्यांच्या घराण्यातला पहिला मोकळा व्यवहार होता. आपल्याला पैसा म्हणजे माणसामाणसांतलं नातं तोडणारी वस्तू वाटते. त्यांच्यासाठी तोडण्यासारखंच ते नातं होतं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे फार आधी ओळखलं होतं. १९२८ साली त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाबद्दल दुरुस्ती विधेयक मांडलं. सरकारी काम आणि गावकी यांच्या नावाखाली महारांना रात्री-अपरात्री राबवून घेतलं जायचं, आणि मोबदला म्हणून तुटपुंजी वतनजमीन आणि गावाच्या मर्जीवरचं बलुतं. विधेयकातली एक महत्त्वाची मागणी अशी, की बलुत्याचं रूपांतर रोख पट्टीत करावं आणि ती सारा वसुलीबरोबर गोळा व्हावी. म्हणजे महाराला दारोदार जाऊन धान्य मागावं लागणार नाही, ठरलेलं वेतन मिळेल. विरोध इतका झाला, की विधेयक त्यांना पुढच्या वर्षी मागे घ्यावं लागलं. मुंबई राज्यात कनिष्ठ ग्रामवतनं रद्द करणारा कायदा यायला १९५८ साल उजाडलं, तोवर बाबासाहेब नव्हते. भंडारा तेव्हा मुंबई प्रांतात नव्हता, त्यामुळे १९२८ चं ते विधेयक आमच्या गावांना लागूही झालं नसतं. पण १९५४ साली लोकसभेच्या पोटनिवडणुकीला बाबासाहेब भंडाऱ्यातूनच उभे राहिले, आणि आमच्या जिल्ह्याने त्यांना पाडलं. भंडाऱ्याच्या शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने ही गोष्ट एकदा तरी ऐकलेली असते.

बिनपैशाचं कर्जही होतं. पावसाळ्यात घरातलं धान संपलं की मोठ्या घरून उसनं आणायचं आणि सुगीला सवाईने किंवा दिढीने फेडायचं. सवाई म्हणजे चारला पाच, दिढी म्हणजे दोनाला तीन. सहा महिन्यांत दीडपट. पैसा नव्हता, पण व्याज होतं, वही होती, आणि वही मोठ्या घरात होती.

म्हणून वेबसाइटचं काम थोडं थांबवलं आणि बाहेर लोकांनी काय केलंय ते वाचायला घेतलं.

१८३२ साली रॉबर्ट ओवेनने लंडनमध्ये श्रम-विनिमय बाजार उघडला. वस्तू बनवायला किती तास लागले त्यानुसार श्रमाच्या नोटा मिळायच्या, त्यावर दुसरी वस्तू घ्यायची. बाजारभावापेक्षा स्वस्त पडणाऱ्या वस्तू लगेच उचलल्या गेल्या, नको असलेल्या पडून राहिल्या. दोन वर्षांत सगळं आटोपलं. १९७३ साली जपानच्या ओसाकात तेरुको मिझुशिमा या बाईंनी श्रम-बँक काढली. एक तास म्हणजे एक तास, मग काम कोणतंही असो. आज कुणाच्या आजारपणात मदत केलीत तर ते तास तुमच्या म्हातारपणाला कामी येतील. १९८३ मध्ये कॅनडात मायकल लिंटनने ‘लेट्स’ नावाची पद्धत सुरू केली, मंदीने रोजगार गेलेल्या लोकांसाठी. अधिक-वजा खात्यांची कल्पना आम्ही तिथूनच घेतली. अर्जेंटिनात १९९५ मध्ये सुरू झालेल्या अदलाबदलीच्या क्लबांनी स्वतःच्या कागदी नोटा छापल्या. २००१-०२ च्या आर्थिक संकटात लाखो लोक त्यात आले, नोटा बेसुमार वाढल्या, खोट्या नोटा घुसल्या, आणि डोलारा कोसळला.

मला सगळ्यात जवळचा वाटला तो टिम जेंकिन. ‘एस्केप फ्रॉम प्रिटोरिया’ हा सिनेमा तुम्ही पाहिला असेल, हॅरी पॉटरवाल्या डॅनियल रॅडक्लिफचा. त्यातला लाकडाच्या किल्ल्या बनवून तुरुंगातून पळणारा माणूस म्हणजे हाच. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्ध काम केलं म्हणून तो कैदेत होता, डिसेंबर १९७९ मध्ये दोन साथीदारांसह निसटला. पुढे ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्याने आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या भूमिगत कार्यकर्त्यांसाठी कॉम्प्युटरवरून गुप्त निरोप पाठवायची यंत्रणा उभी केली. आणि २००३ साली केपटाउनमध्ये त्यानेच ‘कम्युनिटी एक्स्चेंज सिस्टिम’ नावाची वेबसाइट सुरू केली. स्थानिक लोकांची बिनपैशाची देवाणघेवाण नोंदवणारी. पुढे ती अनेक देशांत वापरली गेली.

कुलुपं उघडणाऱ्या माणसाने ही वेबसाइट बांधावी, हा मला योगायोग वाटत नाही. देवाणघेवाणीची कुठलीही व्यवस्था तपासायची तर पहिला प्रश्न तोच: बाहेर पडायचं दार उघडं आहे का? बलुतेदारीत ते बंद होतं. कोण काय काम करणार हे जन्मानेच ठरलेलं, आणि काम नाकारलं तर गाव सोडायची पाळी. पैसा असणं-नसणं हा त्यानंतरचा मुद्दा.

त्या आजोबांना उत्तर द्यायचं, तर ते नियमांतच द्यावं लागणार होतं. म्हणून आम्ही काही गोष्टी ठरवल्या.

कामाची यादी माणूस स्वतः करणार. आडनाव पाहून वेबसाइट काहीही सुचवणार नाही. लोकांना मदत व्हावी म्हणून सुचवण्याची सोय टाकावी, असं आमच्यातल्या एकाचं म्हणणं होतं. पण गावात कुणाकडून कोणतं काम आजवर करून घेतलं गेलं, त्यावरून मशीन शिकलं असतं, तर मशीनही जातच शिकलं असतं.

आलेली मागणी नाकारता येईल, कारण द्यावं लागणार नाही, आणि नकाराची नोंद कुठेही राहणार नाही.

एक तास म्हणजे एक तास. बांधीत वाकून रोवणा करणाऱ्या बाईचा तास आणि माझा कोड लिहायचा तास सारखाच. ट्रॅक्टरचं डिझेल मात्र तासांत येत नाही, ते रोखीनेच. चालवणाऱ्याचा वेळ तासांत. सगळंच बिनपैशाचं करायचा हट्ट नाही.

वजा खात्याला मर्यादा आहे, पण व्याज नाही. सवाई नाही, दिढी नाही. आणि कुणाच्या खात्यात किती, हे सगळ्या सभासदांना दिसतं. वही एका घरात राहत नाही.

सगळ्यात जास्त वाद झाला तो खातं कुणाचं यावर. सोपा मार्ग होता, एक मोबाईल नंबर म्हणजे एक खातं. पण आमच्याकडे अनेक घरांत स्मार्टफोन एक, आणि तो नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात. रोवणा बाई करणार आणि तास त्याच्या खात्यात जमा होणार, असं झालं असतं. बलुतंही घराच्या नावाने यायचं आणि घर म्हणजे पुरुष. म्हणून खातं माणशी ठेवलंय. एका फोनवर कितीही खाती उघडता येतात, प्रत्येकाचा आकडी पासवर्ड वेगळा. याने कोड वाढला, चाचण्या वाढल्या. आमच्या आईने मात्र पहिल्याच दिवशी स्वतःचा पासवर्ड ठरवला आणि बाबांना सांगितला नाही.

एवढ्याने जात संपत नाही, हे मला माहीत आहे. कुणाकडून काम करून घ्यायचं आणि कुणाला घरात घ्यायचं हे लोक मनात ठरवतात, तिथे वेबसाइट पोचत नाही. ती एवढंच करू शकते, की जुना अन्याय नव्या वहीत आपोआप उतरणार नाही.

या रोवण्याला दोन गावांत सुरुवात करायची असं ठरलंय. मागच्या महिन्यात त्या आजोबांच्या घरी जाऊन सगळे नियम वाचून दाखवले. त्यांनी नकाराचा नियम पुन्हा एकदा वाचायला सांगितला. मग नातवाला हाक मारून फोन आणायला लावला आणि स्वतःचं खातं उघडलं. कामाच्या यादीत केस कापणं घालू का, असं मी विचारलं.

“नाही,” ते म्हणाले. “त्याचे पैसेच घेईन मी. पोराईले पेटी शिकवतो, थे लिव.”