लिऑन रोपोलो

लिऑन जोसेफ रोपोलो (जन्म : १६ मार्च १९०२, लचर, लुइझियाना, मृत्यू : ५ ऑक्टोबर १९४३, न्यू ऑर्लिन्स) हे अमेरिकन जॅझ संगीतातील क्लॅरिनेटवादक व संगीतकार होते. ‘न्यू ऑर्लिन्स रिदम किंग्ज’ या वाद्यवृंदाबरोबर १९२२ व १९२३ साली त्यांनी केलेली ध्वनिमुद्रणे ही जॅझच्या ध्वनिमुद्रित इतिहासाच्या अगदी आरंभीच्या टप्प्यातील आहेत. यांपैकी ‘टिन रूफ ब्लूज’ या रचनेतील त्यांचा एकल आलाप पुढील अनेक वादकांनी तबकडीवरून ऐकून जसाच्या तसा बसवला. मात्र मानसिक आजारामुळे त्यांची महत्त्वाची कारकीर्द वयाच्या तेविसाव्या वर्षाच्या आसपासच संपली. त्यामुळे जॅझच्या सर्वसाधारण इतिहासात त्यांचे नाव एखाद-दुसऱ्या वाक्यापुरतेच येते.

त्यांच्या आडनावाचे लेखन दोन प्रकारे आढळते. कुटुंबाचे आडनाव रोपोलो असले तरी तबकड्यांच्या चिठ्ठ्यांवर आणि छापील स्वरलिपींवर ते पुष्कळदा ‘रापोलो’ असे छापले गेले. जुन्या सूचींमध्ये शोध घेताना दोन्ही रूपे पाहावी लागतात.

आरंभीचे जीवन

रोपोलो यांचे कुटुंब मूळचे सिसिली बेटावरील. त्यांचे जन्मगाव लचर हे मिसिसिपी नदीकाठी, न्यू ऑर्लिन्सच्या वरच्या अंगाला आहे. कुटुंब पुढे न्यू ऑर्लिन्स शहरात राहावयास आले. लिऑन यांचे पहिले वाद्य व्हायोलिन होते; परंतु रस्त्यांवरून वाजत जाणाऱ्या पितळी वाद्यांच्या पथकांनी त्यांना भुरळ घातली आणि ते क्लॅरिनेटकडे वळले. ते गिटारही वाजवीत. कॉर्नेटवादक पॉल मेअर्स आणि ट्रॉम्बोनवादक जॉर्ज ब्रुनीज या समवयस्क मित्रांबरोबर त्यांनी मिरवणुकांत, समारंभांत आणि पाँचरट्रेन सरोवराच्या काठावरील मिल्नबर्ग या सहलीच्या ठिकाणी वादन केले. किशोरवयातच घर सोडून ते गायिका-नर्तिका बी पामर यांच्या फिरत्या रंगमंचीय कार्यक्रमात सामील झाले. काही काळ त्यांनी नदीवरील प्रवासी बोटींवरही वादन केले.

फ्रायर्स इन

१९२० नंतर न्यू ऑर्लिन्समधील अनेक वादक रोजगारासाठी शिकागोकडे निघाले. मेअर्स, ब्रुनीज व रोपोलो हे तेथील ‘फ्रायर्स इन’ या तळघरातील नाचगाण्याच्या उपाहारगृहात एकत्र आले. या वाद्यवृंदातील बहुतेकांना स्वरलिपी वाचता येत नव्हती. पियानोवादक एल्मर शोबेल हे मात्र प्रशिक्षित होते आणि रचनांची मांडणी, तालमी व शिस्त हा भाग प्रामुख्याने त्यांनी सांभाळला. वाद्यवृंदाचे पहिले नाव जागेवरूनच ‘फ्रायर्स सोसायटी ऑर्केस्ट्रा’ असे पडले होते. ‘न्यू ऑर्लिन्स रिदम किंग्ज’ हे नाव पुढचे.

याच शहराच्या दक्षिण भागातील ‘लिंकन गार्डन्स’ येथे त्या वेळी जोसेफ ‘किंग’ ऑलिव्हर यांचा कृष्णवर्णीय वाद्यवृंद वाजवीत असे. आपण ऑलिव्हर यांच्यासारखे वाजविण्याचा प्रयत्न करीत होतो, हे मेअर्स यांनी पुढे उघडपणे मान्य केले. रोपोलो यांचे मूल्यमापन करताना ही गोष्ट विसरता येत नाही. त्यांची ध्वनिमुद्रणे ऑलिव्हर यांच्या ध्वनिमुद्रणांच्या आधीची आहेत, ती त्यांनी हे संगीत आधी निर्माण केले म्हणून नव्हे. तबकड्यांच्या कंपन्यांचे दरवाजे गोऱ्या वादकांसाठी लवकर उघडले, हे त्याचे मोठे कारण होय. तबकडीचा कालक्रम आणि संगीताचा कालक्रम हे जॅझच्या बाबतीत वेगळे आहेत.

ध्वनिमुद्रणे

वाद्यवृंदाची ध्वनिमुद्रणे इंडियाना राज्यातील रिचमंड या गावी ‘जेनेट’ या छापासाठी झाली. जेनेट हा ‘स्टार पियानो कंपनी’ या पियानो बनविणाऱ्या कारखान्याचा जोडधंदा होता. ध्वनिमुद्रणाची खोली कारखान्याच्या आवारात, रेल्वेमार्गालगत होती. गाडी जाऊ लागली की काम थांबवावे लागे. विजेवर चालणारा मायक्रोफोन अद्याप वापरात आला नव्हता. वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर उभे राहत आणि आवाजाच्या धक्क्याने सुई थेट मेणाच्या तबकडीवर चर कोरीत असे. कोणते वाद्य कर्ण्याच्या जवळ आणि कोणते दूर ठेवायचे, एवढ्यावरच आवाजांचा समतोल अवलंबून असे. ढोलाचा दणका सुईला झेपत नसे. क्लॅरिनेटचा आवाज या पद्धतीत त्यामानाने स्पष्ट उतरतो आणि त्याचा लाभ रोपोलो यांना मिळाला.

पहिली बैठक ऑगस्ट १९२२ मध्ये झाली. ‘फेअरवेल ब्लूज’, ‘पनामा’, ‘टायगर रॅग’, ‘बगल कॉल ब्लूज’ इत्यादी आठ रचना तीत नोंदल्या गेल्या. मार्च १९२३ मधील दुसऱ्या बैठकीला वाद्यवृंद बराच लहान झाला होता : मेअर्स, ब्रुनीज, रोपोलो, पियानोवर मेल स्टिट्झेल आणि तालवाद्यांवर बेन पोलॅक, असे पाचच जण. वाद्ये कमी असल्याने प्रत्येकाचा स्वर मोकळा ऐकू येतो. ‘टिन रूफ ब्लूज’ आणि ‘वुल्व्हरीन ब्लूज’ या रोपोलो यांच्या सर्वांत नावाजलेल्या दोन कामगिऱ्या याच बैठकीतील आहेत. ऑलिव्हर यांचा वाद्यवृंद, त्यात तरुण लुई आर्मस्ट्राँग आणि क्लॅरिनेटवादक जॉनी डॉड्स, याच खोलीत पुढच्याच महिन्यात, एप्रिल १९२३ मध्ये आला.

जुलै १९२३ मधील तिसऱ्या बैठकीत पियानोवादक व रचनाकार जेली रोल मॉर्टन यांनी काही रचनांत साथ केली. मॉर्टन हे क्रिओल, म्हणजे तत्कालीन वर्णव्यवस्थेनुसार कृष्णवर्णीय गणले जाणारे. गोऱ्या व कृष्णवर्णीय जॅझवादकांनी एकत्र केलेल्या अगदी पहिल्या ध्वनिमुद्रणांमध्ये या बैठकीची गणना होते. कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेचा त्या वर्षांत इंडियानामध्ये मोठा जोर होता, हे लक्षात घेतले म्हणजे या घटनेचे वजन कळते. मॉर्टन यांना हॉटेलात खोली मिळावी म्हणून ते लॅटिन अमेरिकेतील असल्याचे सांगण्यात आले, अशी आठवण नंतर सांगितली गेली.

या तीन बैठकींत मिळून सुमारे दोन डझन रचना नोंदल्या गेल्या. रोपोलो यांची कीर्ती जवळजवळ सर्वस्वी त्यांवरच उभी आहे.

वादनशैली

१९१७ साली ‘ओरिजिनल डिक्सिलँड जॅझ बँड’च्या तबकडीने जॅझ हा शब्द घरोघरी पोहोचविला, तेव्हा क्लॅरिनेटकडून कोंबड्याच्या आरवण्याची नक्कल अपेक्षित असे. श्रोत्याला हसविणे हा त्या वादनाचा एक भाग होता. रोपोलो यांच्या वादनात ही गंमत नाही. समूहात वाजविताना ते कॉर्नेटच्या धुनेभोवती वरच्या सप्तकात वेल चढवावी तसे फिरतात, ही न्यू ऑर्लिन्सची रूढ पद्धत होय. परंतु एकट्याची वेळ आली की ते खाली उतरतात, स्वर कमी करतात आणि त्यांच्यामध्ये जागा सोडतात.

‘टिन रूफ ब्लूज’मधील आलाप बारा मात्राखंडांचा, म्हणजे ब्लूजच्या एका आवर्तनाएवढा आहे. कौशल्य दाखविणारी एकही जलद तान त्यात नाही. काही स्वर किंचित खालून घेऊन वर सरकविलेले आहेत. मराठी श्रोत्याला येथे मींडेची आठवण व्हावी. वाक्य संपता संपता स्वर क्षीण होत जातो. या रचनेचे एकाहून अधिक टेक उपलब्ध आहेत आणि त्यांतील आलाप हुबेहूब एकसारखे नाहीत. तेव्हा हे पाठ केलेले वादन नसून एका निश्चित कल्पनेभोवतीचे उत्स्फूर्त वादन आहे, हे ताडून पाहता येते. रोपोलो यांना समजून घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने हे टेक लागोपाठ ऐकणे सर्वांत उपयुक्त ठरते.

‘वुल्व्हरीन ब्लूज’मधील आलाप याहून चपळ आहे, पण तेथेही वाक्ये एकमेकांना उत्तर देत पुढे जातात. एकल वादन म्हणजे केवळ धुनेची सजावट नसून तिच्यापासून वेगळे, आदि-मध्य-अंत असलेले कथन होय, ही कल्पना जॅझमध्ये पुढे आर्मस्ट्राँग यांनी पूर्णत्वास नेली. रोपोलो यांच्या या दोन आलापांत तिची चाहूल लागते.

रचना

‘फेअरवेल ब्लूज’ (शोबेल व मेअर्स यांच्यासह) आणि ‘मिलेनबर्ग जॉइज’ (मॉर्टन व मेअर्स यांच्यासह) या रचनांवर रोपोलो यांचे नाव आहे. दोन्ही पारंपरिक जॅझच्या वादनक्रमात आजही रूढ आहेत. दुसऱ्या रचनेचे शीर्षक मिल्नबर्गचेच, चुकीच्या वर्णलेखनासह छापलेले. ‘टिन रूफ ब्लूज’चे श्रेय साऱ्या वाद्यवृंदाला दिलेले असले, तरी तिचे रिचर्ड एम. जोन्स यांच्या ‘जॅझिन बेबीज ब्लूज’शी असलेले साम्य अभ्यासकांनी दाखविले आहे. तिच्याच चालीवर ‘मेक लव्ह टू मी’ हे गीत बेतले गेले आणि १९५४ साली जो स्टॅफर्ड यांच्या आवाजात ते अमेरिकेत प्रथम क्रमांकावर पोहोचले.

आजार व उत्तरायुष्य

शिकागोतील वाद्यवृंद विसर्जित झाल्यावर रोपोलो व मेअर्स काही काळ न्यूयॉर्कमध्ये वादन करून न्यू ऑर्लिन्सला परतले. जानेवारी १९२५ मध्ये ‘हाफवे हाउस ऑर्केस्ट्रा’च्या ध्वनिमुद्रणांत रोपोलो यांनी सॅक्सोफोन वाजविला. याच सुमारास त्यांची मानसिक स्थिती ढासळली. वागण्यातील विक्षिप्तपणा व संताप कुटुंबाला आवरेनासा झाला आणि त्यांना राज्याच्या मनोरुग्णालयात दाखल करण्यात आले. उर्वरित आयुष्याचा मोठा भाग त्यांनी तेथेच काढला. अधूनमधून घरी येत तेव्हा ते स्थानिक वाद्यवृंदांत वाजवीत. वयाच्या ४१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्याविषयी अनेक आख्यायिका आहेत. ते टेलिफोनच्या खांबाला कान लावून तारांच्या गुणगुणण्याशी स्वर जुळवीत, त्यांनी आपली क्लॅरिनेट पाँचरट्रेन सरोवरात भिरकावून दिली, इत्यादी. जॅझवरील जुन्या लेखनाला वेडा प्रतिभावंत ही प्रतिमा फार प्रिय होती. त्या छायेत प्रत्यक्ष वादनाचा विचार मागे पडला.

प्रभाव

शिकागोच्या ऑस्टिन हायस्कूलमधील काही विद्यार्थ्यांनी ‘स्पून अँड स्ट्रॉ’ या आइस्क्रीमच्या दुकानात जेनेटच्या या तबकड्या ऐकल्या आणि एकेक तुकडा थांबवून वाजवीत ‘फेअरवेल ब्लूज’ बसविले. त्यांनी आपल्या वाद्यवृंदाचे नावही ‘ब्लू फ्रायर्स’ ठेवले. त्यांतील फ्रँक टेशमाकर हे पुढे क्लॅरिनेटवादक म्हणून प्रसिद्ध झाले. बेनी गुडमन यांच्या आरंभीच्या वादनावरही रोपोलो यांचा प्रभाव मानला जातो. शाळकरी वयातील कॉर्नेटवादक बिक्स बायडरबेक फ्रायर्स इनमध्ये हा वाद्यवृंद ऐकण्यास येत असत.

तबकड्यांची उपलब्धता

जेनेटच्या मूळ ७८ फेऱ्यांच्या तबकड्या संग्राहकांमध्ये दुर्मीळ मानल्या जातात. ज्या सापडतात त्यांपैकी अनेक, आवडीने पुन्हा पुन्हा वाजविल्यामुळे, झिजलेल्या असतात. १९५० च्या दशकात ‘रिव्हरसाइड’ कंपनीने जेनेटचे जुने संगीत दीर्घवादी तबकड्यांवर पुन्हा उपलब्ध केले आणि नंतर सीडीवरही त्याच्या आवृत्त्या निघाल्या. पुनर्मुद्रणांचा दर्जा मूळ प्रत कितपत शाबूत होती यावर अवलंबून असतो. खरखर काढण्याच्या भरात काही आवृत्त्यांनी क्लॅरिनेटचे वरचे स्वरही बोथट केले आहेत. अमेरिकेच्या कायद्यानुसार १९२२ ची ध्वनिमुद्रणे १ जानेवारी २०२२ रोजी आणि १९२३ ची १ जानेवारी २०२४ रोजी सार्वजनिक अधिक्षेत्रात आली.