विणलेला ईस्टर ससा

विणलेला ईस्टर ससा म्हणजे ईस्टरच्या सणात भेट द्यावयाच्या चॉकलेटच्या अंड्यावर घालण्यासाठी लोकरीने विणलेले, सशाच्या आकाराचे छोटे आवरण होय. ते खालून उघडे असल्याने अंडे सहज आत बसविता व काढता येते. अंडे खाऊन संपल्यावरही आवरण खेळणे म्हणून उरते. ब्रिटनमध्ये अशी आवरणे घरोघरी विणली जातात व धर्मादाय संस्थांच्या मदतीसाठी विकली जातात. सशाखेरीज कोंबडीच्या पिलाचा आकारही तेथे लोकप्रिय आहे.

पार्श्वभूमी

ईस्टर हा येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा सण होय. पाश्चात्त्य चर्चमध्ये तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांदरम्यानच्या एखाद्या रविवारी येतो. मध्ययुगात त्यापूर्वीच्या उपवासकाळात अंडी वर्ज्य असत, म्हणून सणाच्या दिवशी ती खाण्यास व भेट देण्यास महत्त्व आले. अंडी आणणाऱ्या सशाची कल्पना जर्मन भाषक प्रदेशातील असून तिचा उल्लेख गेओर्ग फ्रांक फॉन फ्रांकेनाऊ याच्या १६८२ च्या लॅटिन लेखनात आढळतो.

ब्रिटनमध्ये फ्राय कंपनीने १८७३ मध्ये व कॅडबरीने १८७५ मध्ये चॉकलेटची ईस्टर अंडी तयार केली. आवरणासाठी बहुधा वापरले जाणारे, आत मऊ गोड सारण असलेले छोटे अंडे फ्राय कंपनीने १९६३ मध्ये बाजारात आणले. १९७१ पासून ते कॅडबरी क्रीम एग या नावाने विकले जाते. उकडलेले अंडे गरम राहावे म्हणून त्यावर लोकरीची टोपी घालण्याची रीत ब्रिटिश घरांत होतीच. सशाचे आवरण रचनेने त्या टोपीसारखेच असते.

विणण्याची पद्धत

मध्यम जाडीची लोकर व ३.२५ मिमी जाडीच्या सुया घेतात. साधारण २८ टाके घालून पहिल्या चार ओळी एक सुलट, एक उलट अशा विणतात. या लवचीक काठामुळे अंडे निसटत नाही. पुढील बारा ओळींत एक ओळ सुलट व एक ओळ उलट अशी साधी वीण येते. नंतर सुलट ओळीत दोन-दोन टाके एकत्र विणून १४ टाके करतात, एक ओळ उलट विणतात व पुन्हा तसेच घटवून सात टाके ठेवतात. उरलेल्या टाक्यांतून धागा ओवून तो आवळतात आणि बाजूची शिवण घालतात. कान वेगळे विणून वरच्या बाजूस शिवतात. शेपटीसाठी लोकरीचा छोटा गोंडा लावतात. अंड्याच्या आकारानुसार व विणणाऱ्याच्या हातानुसार टाक्यांची संख्या बदलते.

धर्मादाय उपयोग

लोकर व श्रम स्वयंसेवक देतात. विणलेली आवरणे अंड्यासह शाळा, दुकाने व चर्चमध्ये अल्प किमतीत विकून जमलेला निधी संस्थेस मिळतो. मँचेस्टर येथील फ्रान्सिस हाऊस हे गंभीर आजारी मुलांचे सेवाकेंद्र अशा विणलेल्या पिलांच्या विक्रीतून निधी उभारते. एका आवरणास लागणारा वेळ त्याच्या किमतीत भरून निघत नाही. श्रमाचे मोल धरल्यास ही विक्री तोट्याचीच ठरेल. ते दान असल्यामुळेच हा उपक्रम चालतो. घराबाहेर फारसे पडू न शकणाऱ्या वृद्धांनाही त्यात सहभागी होता येते.

सुरक्षितता

आवरण लहान मुलांच्या हाती जात असल्याने डोळ्यांसाठी मणी किंवा बटणे लावणे धोक्याचे असते. ती सुटून घशात अडकू शकतात. म्हणून डोळे व नाक काळ्या धाग्याने भरतात, तसेच कान व गोंडा घट्ट शिवतात. अंडे त्याच्या मूळ वेष्टनासह आत ठेवतात, त्यामुळे लोकरीचे तंतू चॉकलेटला चिकटत नाहीत. चॉकलेट शरीराच्या उष्णतेनेही वितळते, म्हणून भरलेले आवरण थंड जागी ठेवणे इष्ट असते.