२६ मार्चला संपलेली गाणी

गेल्या थंडीत कुवेतमधल्या सालमियातल्या एका घरी आम्ही दहा-बारा मराठी माणसं चेक संगीतकार द्वोर्झाकची ‘बायबलगीते’ ऐकायला जमलो होतो. स्तोत्रसंहितेतल्या ओळींवर रचलेली दहा गाणी. साथीला फक्त पियानो, तोही भाड्यानं आणलेला. हातात दिलेल्या टाचणात लिहिलं होतं, की वडील गेल्याच्या दुःखात, परमुलखात एकट्या पडलेल्या संगीतकारानं लिहिलेली ही शोकगीतं. सगळ्यांनी माना हलवल्या. हलणारच. रात्री-अपरात्री घरून फोन येईल आणि विमान गाठेपर्यंत उशीर होईल, ही धास्ती इथल्या प्रत्येक घरात आहे. ती कथा आम्हाला आमचीच वाटली.

पण ती तारखांना टिकत नाही. न्यूयॉर्कमध्ये ही दहा गाणी लिहून झाली ५ ते २६ मार्च १८९४ या तीन आठवड्यांत. वडील फ्रान्टिशेक वारले २८ मार्चला. सुतक दोन दिवस आधी लागत नाही.

यावर ठरलेलं उत्तर असं, की वडील आजारी होते, त्याला चाहूल लागली होती. शिवाय मागच्या ऑक्टोबरात गुनो गेला, नोव्हेंबरात चायकोव्स्की, फेब्रुवारीत कैरोमध्ये ब्यूलो, ज्याला द्वोर्झाकनं आपली एक सिंफनी अर्पण केली होती. हे सगळं मान्य. किंबहुना या पक्षाचा सर्वांत चांगला मुद्दा त्यांनी मांडलेलाच नाही, तो मीच मांडतो. फ्रान्टिशेक खाटीक होता, खानावळ चालवायचा आणि झिथर वाजवायचा. सातव्या गाण्यात, म्हणजे १३७व्या स्तोत्रात, बंदिवान लोक आपली वाद्यं झाडांना टांगून ठेवतात. चेक पाठात त्या वाद्याचं नाव झिथरच्याच कुळातलं आहे. तो शब्द सुरांत बसवताना मुलाला बाप आठवला नसेल, असं मी म्हणणार नाही.

पण आठवण येणं वेगळं आणि त्यासाठी आख्खी गीतमाला रचणं वेगळं. शोकगीतं लिहायला बसलेला माणूस शेवटी काय ठेवील? इथं दहावं गाणं ९८ आणि ९६ या स्तोत्रांतलं, आनंदाचं, गावजत्रेत पाय ठेका धरतील असं. आणि सातवं नीट पाहा. बॅबिलोनच्या नद्यांकाठचं हे स्तोत्र नऊ श्लोकांचं आहे. शेवटच्या तिनांत सूडाचा धगधगता जाळ आहे, शत्रूच्या लेकरांपर्यंत पोचणारा. द्वोर्झाक पाचव्या श्लोकावर थांबला. परक्यांच्या भूमीत आपलं गाणं कसं गावं, या प्रश्नाच्या आणि विसरलो तर हात झडो या शपथेच्या पुढे तो गेलाच नाही. हुंदके देणारा माणूस अशी कात्री चालवत नाही. त्याला नेमकं काय हवं होतं ते ठाऊक होतं.

(त्या नद्या इथून फार लांब नाहीत. तैग्रिस आणि युफ्रेटिस एकत्र होऊन शत्त अल्-अरब बनते आणि कुवेतच्या उत्तरेला समुद्राला मिळते. १९५३ साली समुद्राचं पाणी गोडं करणारा सरकारी प्रकल्प उभा राहण्याआधी हे शहर तिथून लाकडी गलबतांतून आणलेलं पाणी प्यायचं.)

मग त्याला हवं तरी काय होतं? माझ्या मते, आपली भाषा. द्वोर्झाक कॅथलिक, पण पाठ घेतला तो सोळाव्या शतकाअखेरच्या क्रालिट्से बायबलचा, प्रोटेस्टंट चेक बंधूंनी सिद्ध केलेला. का? कारण चेक गद्याचा तो कस आहे. मराठीत ज्ञानेश्वरीचा आधार घेताना आपणही कुणी पंथ विचारत नाही. बर्लिनचा प्रकाशक सिमरॉक याच्याशी त्याची जुनी कुरबुर होती, ती मुखपृष्ठावर आपलं नाव जर्मन वळणानं छापू नये इथपासून. या गाण्यांतही सूर चेक शब्दांवर बेतलेले आहेत, हा त्याचा आग्रह होता. आग्रहामागे व्याकरण आहे. चेकमध्ये आघात शब्दाच्या पहिल्या अक्षरावर पडतो, म्हणून ओळ सरळ समेवर येते. जर्मनमध्ये नामाआधी एक हलकं उपपद चिकटतं, त्याला जागा द्यायची तर समेआधी एक सूर घुसवावा लागतो. बंदिशीचा मुखडा बिघडला तर काय होतं, ते खयाल ऐकणाऱ्याला सांगायला नको. आपल्याकडे इंग्रजी चालींत कोंबलेली मराठी गीतं ज्यांनी उपासनेत गायली आहेत, त्यांना रेव्हरंड ना. वा. टिळक भजन-कीर्तनाकडे का वळले, तेही सांगायला नको.

आणि ही एकांतातली खासगी रड असती, तर पहिली पाच गाणी त्यानं १८९५च्या जानेवारीत वाद्यवृंदासाठी बांधली नसती, नि ४ जानेवारी १८९६ रोजी प्रागमध्ये चेक फिलहार्मोनिकच्या पहिल्यावहिल्या मैफलीत स्वतः उभं राहून सादरही केली नसती.

आमच्या गायिकेनं त्या दिवशी जर्मन पाठ गायला होता. आता ती चेक शिकते आहे आणि शब्द देवनागरीत उतरवून द्यायचं काम माझ्याकडे आलं आहे. रोमन लिपीत डोक्यावर रेघा देऊन दाखवावे लागणारे चेकचे ऱ्हस्व-दीर्घ आपल्या वेलांट्या-उकारांत झकास बसतात. अडलंय ते एकाच ठिकाणी. सातव्या गाण्याच्या पहिल्या दोन्ही शब्दांत ‘र’ आणि ‘झ’ एकत्र दळल्यासारखा एक वर्ण येतो. तोच द्वोर्झाकच्या नावातही आहे, आणि तिथं आपण ‘र्झ’ लिहून वेळ मारून नेतो. गाताना ते चालत नाही. तूर्त त्या अक्षराखाली मी लाल पेन्सिलीनं एक टिंब दिलं आहे; शुक्रवारी ती आली की म्हणून दाखवायचं ठरलंय.