'तुघलकी' म्हणण्याआधी

दौलताबादच्या अंधेरीतून बाहेर आलं की 'वेड्या महंमदा'ची गोष्ट कुणी ना कुणी सांगतंच. राजधानी हलवली, तांब्याची नाणी काढली, परत फिरला. मराठीत आपण त्यावरून 'तुघलकी कारभार' हा शब्द करून मोकळे झालो. त्या शब्दाची एक अडचण आहे. वेड म्हटलं की कारणं शोधावी लागत नाहीत.

मुहम्मद बिन तुघलक १३२५ मध्ये गादीवर आला. थोड्याच काळात दख्खनमध्ये सागरचा सुभेदार, त्याचा आतेभाऊ बहाउद्दीन गुर्शास्प याने बंड केलं. यादवांचं राज्य खालसा होऊन तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती. दिल्लीपासून चाळीस दिवसांच्या वाटेवरचा मुलूख दिल्लीतूनच हाकायचा, हेच खरं तर धाडस होतं. १३२७ मध्ये देवगिरीला दुसरी राजधानी करून तिथे सरदार, उलेमा, सूफी आणि त्यांची घरं वसवायची, यात वेडेपणा दिसत नाही. संपूर्ण दिल्ली ओस पाडल्याचं सांगणारा इब्न बतूता तिथे पोचला तो १३३४ च्या सुमारास. त्याच काळातले दिल्ली परिसरातले संस्कृत शिलालेख मात्र नांदत्या शहराचे आहेत.

पण त्रास खोटा नव्हता. इसामी तेव्हा सोळा वर्षांचा होता. त्याचे नव्वदीचे आजोबा दिल्लीबाहेर पहिल्याच मुक्कामावर, तिलपतला वारले. धोरण बरोबर असेलही, पण ते नव्वदीच्या माणसाला रस्त्यावर काढून राबवायचं का, हा प्रश्न कुणी विचारल्याची नोंद नाही.

दुसरीकडे सुलतानाची नजर वायव्येकडे होती. खुरासान जिंकायला त्याने ३,७०,००० घोडदळ उभारलं, असं बरनी लिहितो. आकडा फुगवलेला असेल. पण वर्षभर पगार देऊन ते सैन्य जागच्या जागी मोडलं, हे महत्त्वाचं. परराष्ट्र धोरणाचा हा खर्च देशातल्याच माणसांकडून निघणार होता. गंगा-यमुनेच्या दुआबात कर वाढला, त्यात दुष्काळ पडला, गावं उठली. बरनी स्वतः त्याच दुआबातल्या बरनचा, म्हणजे आजच्या बुलंदशहरचा. त्याच्या लिखाणातला राग तिथलाही असावा.

१३३० च्या सुमारास निघालेल्या तांब्या-पितळेच्या टंक्यामागेही हीच तंगी होती. कल्पना चीनच्या कागदी नोटांवरून आली असावी. इराणात गैखातूने १२९४ मध्ये तशाच नोटा काढून तबरीझचा बाजार बंद पाडला होता. चीनमध्ये नोट छापणं राज्याच्या हातात होतं आणि खोटी नोट करणाऱ्याला मृत्युदंड होता. इथे धातू कुणाच्याही घरी होता आणि ठसा कुठलाही कासार उठवू शकत होता. आम्ही सॉफ्टवेअरवाले टोकन काढतो तेव्हा ते खरं की खोटं हे तपासायची सोय आधी करतो. सुलतानाने फक्त मजकूर कोरला. या नाण्यांवर तो स्वतःला 'बंदा-ए-उम्मीदवार' म्हणवतो. उमेदवारी फसली. खोटीनाटी सगळी नाणी परत घेऊन खजिन्यातून सोनं-चांदी मोजावी लागली आणि तुघलकाबादेत तांब्याचे ढीग साचले. चूक कबूल करून स्वतःच्या खजिन्यातून भरपाई देणारा राज्यकर्ता दुर्मीळच. हे श्रेय आपण त्याला देत नाही.

मग लोकांना परतीची मुभा मिळाली. सगळे गेले नाहीत. शेख बुरहानुद्दीन गरीब आणि कवी अमीर हसन यांच्या कबरी खुल्दाबादला आहेत. दिल्लीची बोली दख्खनमध्ये मुरून पुढे दखनी झाली. इब्न बतूता दौलताबादेतून गेला तेव्हा त्याला हे शहर दिल्लीच्या तोडीचं वाटलं.

दख्खन ताब्यात ठेवण्यासाठी आणलेल्या माणसांनी इथे मुळं धरली. १३४५ नंतर परदेशी अमीरांनी, अमीरान-ए-सदांनी, उठाव केला आणि सुलतान स्वतः चालून आला तरी त्यांचा किल्ला टिकला. गुजरातेत दुसरं बंड पेटल्यावर त्याला वेढा अर्धवट टाकून जावं लागलं. ३ ऑगस्ट १३४७ रोजी याच दौलताबादेत हसन बहमनशाह तख्तावर बसला. तिलपतला आजोबा गमावलेल्या इसामीने १३५० मध्ये आपला इतिहास पुरा केला, तो या नव्या सुलतानाच्या आश्रयाने.