वाद्यवृंदाचे घराणे



झुबिन मेहता म्हटले की व्हिएन्ना, न्यूयॉर्क, तेल अवीव ही नगरे डोळ्यांसमोर येतात. मला मात्र प्रथम मुंबईविषयी आणि त्यांच्या वडिलांविषयी बोलावयाचे आहे. पुत्राची जगद्व्यापी कारकीर्द पित्याच्या अपुऱ्या राहिलेल्या कार्यातून उगवली, असे माझे मत आहे.

व्हायोलिनवादक मेहली मेहता यांनी 1935 साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. 29 एप्रिल 1936 रोजी झुबिन जन्मले. आपल्या मैफलीला गायक, तबलजी, पेटीवादक आणि तानपुऱ्यांची जोडी पुरते. सिंफनीला साठ-सत्तर, प्रसंगी शंभर वादक लागतात आणि प्रत्येकापुढे लिहिलेले स्वर असतात. मेहलींनी हौशी पारशी वादक, चित्रपटांत वाजविणारे गोमंतकीय व्यावसायिक आणि आरमारी बँडमधील फुंकवाद्यवाले यांची मोट बांधली. परभाषिक नगरात संस्था चालविणे म्हणजे काय, हे हैदराबादच्या मराठी श्रोत्यांना सांगावयास नकोच. इंग्रज गेले आणि या संगीताचा आश्रयही आटला. (संचालकाला आपल्याकडे अजून सुटसुटीत शब्द नाही, 'कंडक्टर' म्हटले की एसटीच आठवते.)

घरातील तालमी ऐकत वाढलेल्या झुबिननी वैद्यकाचा अभ्यास सोडला आणि 1954 साली व्हिएन्ना गाठली. तेथे हान्स स्वारोव्स्की हे त्यांचे गुरू. थोर संचालकांच्या तालमी जवळून पाहता याव्यात म्हणून झुबिन आणि सहाध्यायी क्लाउदिओ अब्बादो गायकवृंदात जाऊन उभे राहत. गुरुगृही पाणी भरण्याचाच हा प्रकार! लवकरच मेहलीही देश सोडून मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदात गेले. मुंबईने दोघांनाही गमावले.

पुढील यश परिचित आहे: 1958 मध्ये लिव्हरपूलची स्पर्धा जिंकली; मग माँट्रियल, लॉस एंजेलिस, 1978 ते 1991 न्यूयॉर्क. इस्रायल फिलहार्मोनिकशी जुळलेले नाते 2019 मधील निवृत्तीपर्यंत टिकले. तेथेच 1981 साली त्यांनी वाग्नरची रचना वाजविली. ज्यांना ऐकणे असह्य आहे त्यांनी खुशाल बाहेर जावे, असे आधी सांगूनही सभागृहात क्षोभ उसळला. संगीत निरपराध असते हे तत्त्व मला मान्य आहे. परंतु छळछावण्यांतून वाचलेले श्रोते समोर असताना ते सिद्ध करावयास नको होते. याउलट, 1994 साली सारायेव्होच्या जळालेल्या ग्रंथालयात त्यांनी मोझार्टचा 'रेक्विएम' सादर केला, तेव्हा स्थळ आणि संगीत यांत द्वैत उरले नाही.

मेहलींनी 1964 साली लॉस एंजेलिसमध्ये तरुणांचा वाद्यवृंद उभारला आणि नव्वदीपर्यंत तो चालविला. जे मुंबईत साधले नाही ते तेथे साधले. त्यांच्या नावाची संगीतसंस्था मुंबईत 1995 मध्ये निघाली. सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया 2006 मध्ये स्थापन झाला, तोही पुष्कळसा परदेशी वादकांच्या बळावर. ऑगस्ट 2023 मध्ये, वयाच्या 87 व्या वर्षी, झुबिन मेहता मुंबईत त्या वाद्यवृंदासमोर छडी घेऊन उभे राहिले. मेहली त्यापूर्वी एकवीस वर्षे निवर्तले होते.