संगीतरत्नाकर आणि गायकाची कंठचिकित्सा

हस्तलिखितांच्या बस्त्यांवर ‘वैद्यक’ व ‘संगीत’ अशा वेगळ्या चिठ्ठ्या लावण्याची चाल सोयीची खरी. परंतु तिच्यामुळें गायकाच्या कंठचिकित्सेचा इतिहास दोन ठिकाणीं विभागला गेला आहे. तो एकत्र पाहण्याचा येथें प्रयत्न केला आहे.

देवगिरीच्या सिंघण यादवाच्या (इ. स. १२१०–१२४७) पदरीं श्रीकरणाधिप असलेला शार्ङ्गदेव हा मूळच्या काश्मीरी घराण्यांतला. संगीतरत्नाकराच्या आरंभीं स्वतःविषयीं लिहितांना, आपण रोगार्तांची पीडा औषधांनीं दूर केली, असें तो सांगतो. हें केवळ आत्मस्तुतीचें वचन नव्हे. नाद देहांतून उपजतो, म्हणून स्वरगताध्यायांत पिंडोत्पत्तीचें स्वतंत्र प्रकरण घालून त्यानें गर्भाची वाढ, अवयव व नाड्या यांचें वर्णन केलें आहे. पुढें प्रकीर्णकाध्यायांत आवाजाचे चार भेद येतात: कफापासून खाहुल, पित्तापासून नाराट, वातापासून बोंबक आणि यांच्या मिश्रणानें होणारा मिश्रक.

यावरून शार्ङ्गदेवानें आवाजाचे रोग सांगितले, असा समज होण्याचा संभव आहे. तो बरोबर नाहीं. खाहुल कफज असूनही स्निग्ध, मधुर व सुकुमार म्हणून वर्णिलेला आहे. येथें त्रिदोष आवाजाची घडण दाखवितात, विकृति नव्हे. विकृति पाहावयाची तर सुश्रुताच्या उत्तरतंत्रांतील त्रेपन्नावा, स्वरभेदप्रतिषेधाचा अध्याय उघडावा लागतो. तेथें स्वरभेद सहा प्रकारचा सांगितला असून, कारणांमध्यें अत्युच्च भाषण व अध्ययन यांच्या जोडीस ‘अतिगीत’ हेंही आहे. मोठ्यानें बोलून ज्याचा स्वर बिघडला त्यास मधुर द्रव्यांसह कढविलेलें दूध, साखर व मध मिसळून, पाजावें असा उपचार दिला आहे. माधवनिदानाच्या प्रचलित पाठांत मात्र ‘अतिगीत’ नसून ‘अभिघात’ आहे. त्या एकाच ग्रंथावर विसंबणाऱ्यास वैद्यकानें गवयाची दखल घेतलीच नाहीं, असें वाटेल.

आनंदाश्रमानें संगीतरत्नाकर १८९६-९७ सालीं छापला. तरीही गाण्याचे अभ्यासक बहुधा पिंडोत्पत्ति ओलांडून पुढें जातात आणि वैद्य त्या ग्रंथाकडे वळत नाहींत.

संग्राहकांस आमची विनंति एवढीच, कीं संगीताच्या पोथींतील पिंडोत्पत्तीचीं पानें परकीं समजून वेगळीं काढूं नयेत. आणि वैद्यकाच्या पोथींत स्वरभेदाचें प्रकरण आढळल्यास कारणांच्या यादींत ‘अतिगीत’ आहे कीं ‘अभिघात’, हें पोथीच्या शकासह टिपून ठेवावें. अशा नोंदी जमल्या म्हणजे कोणत्या प्रांतीं कोणता पाठ चालत होता, हें ठरवितां येईल.